डावीकडच्या स्क्रीनवरची खोळ

जबलपूर
९ जानेवारी २०२२

शैलेंद्र,

नागपूरला गेलास तर गेलास, पण जाताना कॉम्प्युटरची ती तिसरी स्क्रीन माझ्या टेबलावर काहून ठेवून गेलास? दोन नेल्या अन् एक माझ्या छातीवर ठेवली. अर्धं टेबल तिनं खाल्लं. मटारचे दिवस आहेत. शेंगा कुठं पसरवू, तिच्या डोक्यावर? भंगारवाला दर खेपेला डोकावतो, "अम्मा, ये टीवी देना है?" तुझी वस्तू म्हणून दिली नाही. पुढच्या खेपेला नाही म्हणणार नाही, सांगून ठेवते.

आता जयभीम. मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. विनताला सांग, भाऊ तिच्याकडं राहून राहिला तर जेवल्यावर ताट त्याचं त्याला उचलू दे. इथं मी उचलत होती, ती माझी चूक.

पत्र काहून लिहून राहिली ते ऐक.

परवा दुपारी फाटक वाजलं. पाहते तर एक पोट्टी अन् तिची आई. आई ओळखीची. पनागरहून भाजीची टोपली घेऊन आपल्या गल्लीत येते अन् मी जिच्याशी भावावरून भांडते, तीच. त्या दिवशी टोपली नव्हती अन् अंगावर धुतलेली साडी होती. पोट्टी म्हणते, "दादी, शैलेंद्र सर यहीं रहते हैं न?" अन् एवढं बोलून रडायलाच लागली.

आता मी काय समजायचं? पाणी द्यायच्या आधी मी तिच्या पोटाकडं पाहिलं. मग आईच्या तोंडाकडं. म्हटलं, "कब से चल रहा है?" आई म्हणते, "दिसंबर से, अम्मा." मी दाराची चौकट धरली.

मग कळलं, परीक्षेचं आहे. नशीब तुझं.

पोट्टीचं नाव मनीषा. ते नर्सिंगच्या कॉलेजात घ्यायची परीक्षा होती ना, पोरं आपापल्या घरी कॉम्प्युटरवर देत होती अन् तू आपल्या बैठकीत बसून त्यांच्यावर लक्ष ठेवत होतास, त्यात ही होती. तिला कॉम्प्युटरवर तुझा चेहरा दिसत होता अन् तुझ्या मागं मी झाडू मारताना दिसत होती. पेपर सुरू व्हायच्या आधी आईनं डोकावून मला ओळखलं, म्हणून घर सापडलं. मी अशी गावभर दिसून राहिली हे तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. पदर तरी नीट घेतला असता.

ती म्हणते, पेपर चालू असताना लाइट गेली. तिनं मोबाइलवरून तुला लिहून कळवलं, एकदा नाही, खूपदा. तरी तू तिचं नाव नक्कल करणाऱ्यांत टाकलंस. पेपर रद्द झाला अन् वर दोन वर्षं परीक्षेला बसायची बंदी. "सर ने जवाब ही नहीं दिया, दादी," हे एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी म्हटलं, माझा नातू आळशी आहे, पण असा नाही. विचारून सांगते. तर खरं काय ते लिही. अन् हेही लिही की माणसाला डोळे दोन असताना टीव्ही तीन काहून लागतात.

फोन करू नको. फोनवर मला तुझं अर्धंच ऐकू येतं अन् उरलेलं अर्धं तू गिळतोस.

तुझी आजी
मालनबाई


नागपूर
१५ जानेवारी २०२२

प्रिय आजी,

जयभीम. तुझं पत्र विनता दीदीनं मोठ्यानं वाचलं. "पोटाकडं पाहिलं" इथं आल्यावर जीजाजी एवढे हसले की चहा नाकात गेला. आता ते रोज मला विचारतात, "क्यों सर, कब से चल रहा है?" माझी इथं काय इज्जत राहिली तूच सांग.

माझं मराठी लिहिणं तुला माहीतच आहे. चुका झाल्या तर समजून घे.

तीन स्क्रीनचं सांगतो. समज, आपली बैठक, मधली खोली अन् स्वयंपाकघर ह्यांच्या मधल्या भिंती काढून टाकल्या. मग तिन्ही मिळून एकच लांब जागा होईल ना? तसंच हे आहे. माउसचा बाण एका स्क्रीनच्या काठावरून बाहेर गेला की बाजूच्या स्क्रीनवर निघतो. प्रत्येक काम एका चौकटीत उघडतं, तिला विंडो म्हणतात. ती विंडो वरून पकडायची, ओढायची अन् पाहिजे त्या स्क्रीनवर नेऊन सोडायची. एकाच स्क्रीनवर सगळ्या ठेवल्या तर एकीच्या खाली दुसरी दबते, अन् मग शोधत बसा. म्हणून मधल्या स्क्रीनवर सोळा मुलांचे चेहरे ठेवायचे. उजवीकडं ज्याच्यावर शंका आली त्याचा एकट्याचा चेहरा, मोठा करून. डावीकडं बाकीचं सटरफटर. मशीन पण हुशार असते आजी. जी विंडो जिथं ठेवून बंद केली, दुसऱ्या दिवशी ती तिथंच उघडते. रोज मांडामांड करावी लागत नाही. मी डोळे मिटून सांगू शकतो कोणती कुठं आहे.

आता त्या मुलीचं. नियम असा आहे की चेहरा गायब झाला तर पाच मिनिटं थांबायचं. मी थांबलो. माइकवरून तिला आवाज पण दिला. काही जवाब नाही. तिनं लिहून कळवलं म्हणते, पण माझ्याकडं काहीच आलं नव्हतं. आलं असतं तर मी पाहिलं नसतं का? लाइट गेली हे तर सगळेच म्हणतात. तू मनावर घेऊ नको अन् तिला घरात बसवू पण नको. कँडिडेट माझ्या घरी येते हे ऑफिसला कळलं तर मलाच जवाब द्यावा लागेल. मार्चमध्ये माझी नोकरी पक्की होणार आहे, तोपर्यंत कुठं नाव यायला नको.

स्क्रीन राहू दे. होळीला येईन तेव्हा नेईन. भंगारवाल्याला देऊ नको, प्लीज.

तुझा
शैलेंद्र


जबलपूर
२१ जानेवारी २०२२

शैलेंद्र,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही समजलं नाही. दुसऱ्यांदा समजलं ते तुला आवडणार नाही.

डावीकडं सटरफटर म्हणतोस. त्या सटरफटरमध्ये पोरांच्या मेसेजचा डबा होता, ते काहून लिहिलं नाहीस? मी मागं बसून तांदूळ निवडत होती, माझे कान गेले, डोळे नाही. पोरं सारखी विचारत होती, सर टाइम कितना बचा, सर पानी पी लूँ. तो डबा दर वेळी चेहऱ्यांवर येऊन बसायचा अन् तू चिडायचास. मग एक दिवस तू तो धरून डावीकडं सरकवलास अन् म्हणालास, "जा, तिकडं मर." तेव्हा मला गंमत वाटली. कॉम्प्युटरशी भांडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मग तुला त्या स्क्रीनचा उजेड डोळ्यात खुपायला लागला. दिवसभर कुरकुर. शेवटी मी पेटीतून जुन्या टीव्हीची खोळ काढली, दसुतीची, दोन पोपटांची, अन् त्या स्क्रीनला घातली. तू म्हणालास, "वा आजी, मस्त." खोळ घातली म्हणजे खालची स्क्रीन बंद होत नाही, हे मला माहीत नव्हतं. टीव्ही आम्ही बंद करूनच झाकतो. तुला माहीत होतं. अन् आता तूच लिहितोस की डबा जिथं ठेवला तिथंच उघडतो.

परीक्षेच्या दिवशी त्या खोळीच्या आत उजेड हलत होता. मी कोपरा वर केला. आत लिहून आलं होतं. मी अक्षर अक्षर लावून वाचते, मला वेळ लागतो, पण वाचते. "सर लाइट चली गई. सर मोबाइल से लिख रही हूँ. सर आप देख रहे हैं?" मी तुझ्या खांद्याला हात लावला अन् म्हटलं, अरे, इथं कोणी तुला बोलावून राहिलं. तू कानावरचं ते काढलं पण नाहीस. हातानंच जा म्हणालास. मी खोळ सोडली अन् भाजी जळून राहिली होती तिकडं गेली.

तिथपर्यंत तुझा दोष मी धरत नाही. कामात माणसाला दिसत नाही.

पण संध्याकाळी तू खोळ काढलीस. मी दारातच होती. तू वाचलंस. पुन्हा वरपासून वाचलंस. मग त्या खोळीची घडी केलीस. तू जन्मात कशाची घडी केली नाहीस, अंथरुणाची पण नाही. ती घडी माझ्या हातात दिलीस अन् म्हणालास, "आता हिची गरज नाही." रात्री जेवला नाहीस. मला वाटलं पोट बिघडलं. मी तुला ओवा दिला अन् तू मुकाट्यानं खाल्लास.

तर मेसेज आलेच नव्हते, हे खोटं आहे. अन् खोटं तू मला लिहिलंस, ऑफिसला नाही, आजीला. एवढी काय भीती वाटली माझी?

आता पुढचं ऐक. मनीषाच्या आईला मी विचारलं, दोन वर्षं हिचं काय करशील? ती म्हणाली, "दो साल घर में बिठाके क्या करूँगी अम्मा, ब्याह कर दूँगी." स्थळ पाहून ठेवलंय, कटनीकडचं. मुलाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. पोट्टी बाजूला बसून हे ऐकत होती अन् नखानं माझ्या जमिनीचे पोपडे काढत होती. मी तिला म्हटलं, जमीन सोड, मला महागात पडते. तेव्हा हसली. हसते तेव्हा अगदीच लहान दिसते.

कॉलेज म्हणतं, काही लेखी असेल तर पंधरा फेब्रुवारीच्या आत आणा, मग विचार करू. दोन ओळींचं काम आहे. मेसेज आले होते, मला दिसले नाहीत, चूक माझी, मुलीची नाही. एवढं लिही अन् पाठव.

तुझी आजी


नागपूर
२९ जानेवारी २०२२

ती. आजीस,

जयभीम. हे पत्र शैलेंद्रचं नाही, माझं आहे. तो लिहीत नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यानं ते खिशात घातलं ते कोणाला दाखवलंच नाही. मी धुवायला पँट घेतली तेव्हा हाती लागलं. ऑफिसातून येतो अन् भिंतीकडे तोंड करून पडतो. ह्यांनी थट्टा करणं सोडलं आहे, एवढ्यावरून समज.

मी विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. मेसेज आले होते. तू वाचलेस त्याच्यानंतरही येत राहिले होते. शेवटचा होता, "सर, कुछ तो बोलिए." त्यानं ते पाहिले तोवर नाव वर गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणून बसला अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांचा फोन आला की नागपूरच्या ऑफिसात जागा आहे, येतोस का. मग तोंडातून निघेचना. इथं त्याला खरं तर ते काम आवडतं, आजी. मधली स्क्रीन, उजवी, डावी, कोणती विंडो कुठं ठेवायची हे तो बाकीच्यांना शिकवतो. साहेब त्याचं नाव घेतात. आता डावीकडच्या स्क्रीनवर तो काहीच ठेवत नाही. मोकळी ठेवतो, रिकामी निळी. साहेब विचारतात काहून, तर म्हणतो डोळा दुखतो.

मी तुझ्याशी भांडत नाही. पण बाबा गेल्यापासून त्याचं पहिल्यांदा काही धड झालं आहे. हे लिहून दिलं तर मार्चमध्ये नोकरी पक्की व्हायची नाही, उलट ह्यानं चूक लपवली म्हणून काढून टाकतील. मग कोण घेणार? मुलगी लहान आहे. दोन वर्षांनी पुन्हा बसेल, नाहीतर दुसरं काही करेल. तिचं काहीतरी होईल.

आणि राग मानू नकोस, पण खोळ तर तूच घातली होतीस. ऑफिसात विचारणा झाली तर तो तुझं नाव घेणार आहे का? मेला तरी घेणार नाही. तो तुला सांभाळतो आहे, तर तूही त्याला सांभाळ. त्या मायलेकींना म्हण, नातवाशी बोलणं झालं, काही होत नाही. चार दिवस येतील, मग येणार नाहीत.

हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझी
विनता


जबलपूर
५ फेब्रुवारी २०२२

शैलेंद्र,

विनतानं तुझ्या वतीनं लिहिलं अन् तू तिला लिहू दिलंस. तिच्याशी मी वेगळं बोलीन. हे तुला आहे. खिशात घालू नको, बसून वाच.

मी कॉलेजात जाऊन आली. मनीषा, तिची आई अन् मी, तिघी ऑटोनं. रस्त्यात आई म्हणाली, "अम्मा, आपका पोता है, आप क्यों जा रही हैं?" मी म्हटलं, चुप बैठ, गुडघा दुखून राहिला.

तिथं एक साहेब होते, चष्मा कपाळावर. मी म्हटलं, लड़की ने लिखा था, मैंने अपनी आँख से पढ़ा, मेरे पोते ने नहीं देखा. ते म्हणाले, "क्यों नहीं देखा?" मी म्हटलं, उस पर कवर था. "कवर?" हाँ कवर, मैंने डाला था, उजाला उसकी आँख में चुभता था. ते हसले. बाजूचा बाबू पण हसला. मनीषा खाली पाहायला लागली.

साहेबांच्या टेबलावर पण दोन स्क्रीन होत्या. मी म्हटलं, कोई भी एक डब्बा उधर वाले में खींचो. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी ओढला. मी मनीषाची ओढणी घेतली अन् त्या स्क्रीनवर टाकली. म्हटलं, अब इधर अपना काम करते रहो और बताओ, डब्बे में क्या आया.

त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी ओढणी उचलून खाली पाहिलं. मग म्हणाले, "अम्मा, बात समझ में आ गई. पर आप न परीक्षार्थी हैं, न निरीक्षक. आपका कहा मैं फ़ाइल में नहीं लगा सकता. निरीक्षक का लिखा लाइए." मी विचारलं, लिहून आणलं तर बंदी उठेल का? म्हणाले, बंदी उठेल, पेपर पुन्हा देता येईल, पण पंधरा तारखेच्या आत. सोळाला आणलं तर मी काही करू शकत नाही. माणूस वाईट नव्हता. चहा पाजला त्यानं, साखर कमी होती.

तुझं नाव मी सांगितलं. विनताचा पत्ता सांगितला. तिथंच, मनीषाच्या समोर. पोस्टानं तुला विचारणा येईल. बाबूनं पाकिटावर पत्ता माझ्यासमोर लिहिला. खोळीचं पण लिहून घ्या म्हटलं, त्यात माझं नाव घाला. मला कोणी सांभाळायची गरज नाही.

नोकरी जाईल का? जाईल. जाणार नाही असं मी म्हणत नाही. मला त्याचं वाईट वाटतं का ते विचारू नको. विनता म्हणते, मुलगी लहान आहे, तिचं काहीतरी होईल. तू तिच्यापेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठा आहेस. तुझंही काहीतरी होईल. तुझ्या आजोबांना फॅक्टरीतून एकदा घरी बसवलं होतं, चार महिने. आम्ही मेलो नाही. चटणी-भाकर खाल्ली अन् एकमेकांच्या अंगावर ओरडलो.

मनीषाच्या आईला मी सांगितलं आहे, पंधरापर्यंत कटनीवाल्यांना हो म्हणू नको. तिनं मान हलवली. पण सोळाला ती काय करेल ते माझ्या हातात नाही. घरी येताना पोट्टी ऑटोत माझ्या बाजूला बसली होती. उतरताना विचारते, "दादी, सर लिख देंगे न?" मी हो म्हटलं नाही. तुझं आजकाल मला माहीत नाही, मी काहून हो म्हणू.

डावीकडची स्क्रीन रिकामी ठेवून काही होत नाही, शैलेंद्र. तिथं जे आलं होतं ते येऊन गेलं.

विचारणा तुझ्या नावानं येईल. विनतानं पाकीट उघडायचं नाही. नातजावयानं मसुदा करून द्यायचा नाही. ऑफिसच्या साहेबाला विचारत बसायचं नाही. अन् होळीला येऊन माझे पाय धरायचे, असलं तर मुळीच नाही. मला जे बोलायचं होतं ते मी कॉलेजात बोलून आली. आता मला लिहू नको. त्यांना लिही. तुझ्या हातानं, तुझ्या सहीनं, तू.

मालनबाई